बोटीचा ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते. एअर बॅग बसवावी का?

भिलवडीकर
नमस्कार मंडळी. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, पुढं कॉइल, मागं पाटे (लीफ स्प्रिंग). काम आहे गावच्या बचाव पथकाची फायबर बोट ट्रेलरवर ओढायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या पट्ट्यात माणसं माडीवर बसून बोटीची वाट बघत होती. त्यानंतर वर्गणी काढून आम्ही स्वतःची बोट घेतली, ट्रेलर कुपवाडला बनवून घेतला, त्याची रीतसर नोंदणी केली. पावसाळ्याआधी सरावाला बोट कोयनेच्या शिवसागरात, बामणोलीला नेतो.

अडचण अशी की ट्रेलर जोडला, हौद्यात बोटीचं इंजिन, पेट्रोलचे कॅन, दोर आणि जॅकेटं टाकली की गाडी मागून ७० मिलिमीटर खाली बसते आणि पुढून १५ मिलिमीटर उचलते. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावून मोजलंय. रात्री समोरचे लोक डिपर मारतात, दिवे थेट त्यांच्या डोळ्यांत जातात. यवतेश्वरच्या घाटात वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं, ते मला अजिबात आवडत नाही. गाडीत पथकाची पोरं असतात.

मागं एअर बॅग, म्हणजे हवा भरायचे रबरी बलून, बसवून गाडी लेव्हलला आणायचा विचार आहे. कुणी बसवल्यात का? आपल्या रस्त्यांवर टिकतात का? की सरळ पाटे वाढवू?

पाटेवाला_जत
भावा, पाटे वाढव. आमच्याकडं नवीन पिकअप शोरूममधनं निघाली की पहिली गॅरेजला जाते, एक-दोन जादा पाटे पडल्याशिवाय धंद्याला लागत नाही. डाळिंब भरून जत ते वाशी मार्केट, कधी बसली नाही. पाट्याला ना हवा लागते, ना पंक्चर होतो. तुटलाच तर प्रत्येक नाक्यावर पाटेवाला हाय. बलून फुटला तर रात्री दोनला कुठं जाणार?

जयसिंगपूरचा_राजू
वाचतोय. उपयोगी धागा.

शाहूपुरीकर
जतच्या दादांचं त्यांच्या धंद्यापुरतं बरोबर आहे. त्यांची गाडी जवळजवळ कायम भरलेली असते. भिलवडीकरांची पिकअप वर्षातले बहुतेक दिवस रिकामी फिरणार. दोन पाटे जादा टाकले तर रिकाम्या गाडीत मागचं चाक रस्त्याला टेकण्यापेक्षा उडेलच जास्त, आणि ओल्या रस्त्यावर मागचं टोक घसरायला वेळ लागत नाही.

एअर सस्पेन्शन दोन प्रकारचं. शिवनेरीच्या व्होल्वोला असतं त्यात गाडीचा भार बलूनवरच असतो, तो प्रकार इथं सोडून द्या. पिकअपला बसवतात तो मदतीचा बलून. पाटे जागेवरच राहतात. चासी आणि मागचं हाउसिंग (मागच्या धुऱ्याचं कवच) यांच्यामध्ये, बहुधा रबरी बंप स्टॉप काढून त्या जागी, दोन्ही बाजूंना एकेक बलून बसतो. फायरस्टोन, एअर लिफ्ट या अमेरिकन कंपन्यांचे पाट्यांच्या गाड्यांसाठीचे किट साधारण ५ ते १०० पौंड हवेवर (म्हणजे दर चौरस इंचाला तेवढ्या दाबावर) चालतात. मागं कॉइल असलेल्या गाड्यांना कॉइलच्या पोटात बसणारे छोटे बलून मिळतात, त्यांना एवढी हवा चालत नाही, ३५ पौंडांच्या आसपास मर्यादा असते.

हिशेब सोपा आहे. बलूनचं प्रभावी क्षेत्रफळ समजा २० चौरस इंच आणि हवा २० पौंड, तर एक बलून ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८० किलो उचलून धरतो. हवा कमीजास्त केली की आधार कमीजास्त होतो. पाट्याला हे जमत नाही, आणि भिलवडीकरांना नेमकं हेच हवंय.

माझ्या गाडीला बसवलेत. अनुभवातून सांगतो:
रिकामी गाडीसुद्धा पाच पौंडांच्या खाली नेऊ नका. हवा शून्य झाली की रबराची घडी चिमटते आणि तिथंच फाटते. दोन बलूनना एकच टी जोडून एकाच व्हॉल्व्हनं हवा भरायचा मोह आवरा. वळणावर बाहेरच्या बाजूच्या बलूनवर भार आला की त्यातली हवा आतल्या बाजूच्या बलूनमध्ये पळते आणि गाडी आणखी कलते. दोन नळ्या वेगळ्या, दोन व्हॉल्व्ह वेगळे. सायलेन्सरच्या बाजूचा बलून उष्णतेपासून लांब ठेवा, मध्ये पत्रा लावा. आणि जॅक चासीला लावून गाडी उचलली तर हाउसिंग खाली लोंबतं, बलून ताणला जातो. जॅक हाउसिंगलाच लावायचा.

पाटेवाला_जत
एवढं लक्षात ठेवायला लागत असंल तर ड्रायव्हर ठेवायचा का इंजिनिअर?

शाहूपुरीकर
पाटेवाले, बुलेटच्या टायरमध्ये हवा बघता की नाही? तेवढंच काम आहे, दोन व्हॉल्व्ह वाढले.

आबा_अपशिंगे
मी सैन्यात ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो, गाड्या आणि त्यांच्यामागं जोडलेली ओझी यांतच नोकरी गेली. भिलवडीकर, तुमच्या पोस्टमध्ये पुढून १५ मिलिमीटर उचलते हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मागचे ७० नंतर बघू.

आपल्या भागातल्या पोरांना हे समजावून सांगायला वेगळं उदाहरण नको. ऊस भरलेली ट्रॉली चढाला लागली आणि ओझं हुकावर आलं की ट्रॅक्टर पुढून उठतो. चाकं जमीन सोडतात, स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. तुमच्या पिकअपचं तेच होतंय, प्रमाण कमी आहे इतकंच.

ट्रेलरचं तोंड ज्यावर अडकतं तो बॉल मागच्या चाकाच्याही मागं असतो. धरा सव्वा मीटर. गाडीचा व्हीलबेस साधारण ३.१ मीटर. बॉलवर १०० किलो पडले तर मागच्या चाकांवर १०० नाही, १४० किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो उचलले जातात. मागचा धुरा हा टेकू, गाडी ही तरफ. हौद्याच्या मागच्या फळीपाशी ठेवलेलं सामानही असंच पुढचं वजन काढून घेतं.

आता एअर बॅग काय करते ते बघा. ती चासी मागून वर ढकलते. गाडी लेव्हल दिसते, दिवे खाली येतात, पाटे ठेचत नाहीत. पण पुढच्या चाकांवरून गेलेले ४० किलो ती परत आणत नाही. धुरा तिथंच, बॉल तिथंच, वजन तेवढंच, मग तरफ कशी बदलेल? काटा लावून बघा, बॅगेत हवा असो वा नसो, पुढच्या धुऱ्याचं वजन जवळपास तेच येईल. गाडी सरळ दिसायला लागली की माणूस निर्धास्त होतो आणि वेग वाढवतो, मला भीती त्याची आहे.

तेव्हा आधी सांगा, तुमच्या बॉलवर किती किलो पडतात?

भिलवडीकर
आबा, नमस्कार. बॉलवरचं वजन कधी मोजलं नाही. ट्रेलरचं तोंड दोघांनी मिळून उचलावं लागतं एवढं सांगू शकतो. गाडी लेव्हल झाली की पुढचं वजनही आपोआप परत येतं असंच गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं.

आबा_अपशिंगे
दोघांना उचलावं लागतं म्हणजे जास्त आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के बॉलवर असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. हलक्या बोटीच्या ट्रेलरला दहाच्या आसपास पुरतं. फार कमी केलं तरी वाईट, मग ट्रेलर उतारावर शेपूट हलवायला लागतो आणि एकदा डोलायला लागला की गाडीला घेऊन जातो. म्हणून अंदाजानं कमी करू नका, मोजा. आणि बॉलच्या उंचीकडंही बघा. ट्रेलरसुद्धा सपाट उभा राहायला पाहिजे, नाक खाली नको आणि वरही नको.

मिरजेचा_तानपुरा
अमेरिकेत वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणून असतो ना? स्प्रिंगच्या दांड्या ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून लावतात आणि वजन खरोखरच पुढच्या चाकांवर ढकलतात. आबा म्हणतात ते काम तो करतो.

आबा_अपशिंगे
बरोबर. दांड्यांमुळं जोड ताठ होतो, आणि बॉलवरच्या भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. पण त्यासाठी हिच आणि ट्रेलरचा दांडा दोन्ही तेवढे भक्कम लागतात. सातशे-आठशे किलोच्या बोटीला तो थाट नको. वजन नीट मांडलं की भागतं.

सायली_कऱ्हाड
उशिरा आले, पण एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही आणि तो ब्रेकचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बऱ्याच पिकअपना मागच्या धुऱ्यापाशी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासीवर व्हॉल्व्ह आणि त्यातून हाउसिंगपर्यंत गेलेली एक दांडी किंवा स्प्रिंग. गाडी भरली की मागून बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत.

आता एअर बॅगेत हवा भरून भरलेली गाडी वर उचलली, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मागं पोरं आहेत, इंजिन आहे, बोट आहे, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या हिशेबानं लागतायत. पसरणीच्या घाटात किंवा खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या एस वळणावर हे कुणाला परवडेल?

म्हणून भिलवडीकर दादा, आधी गाडीखाली जाऊन बघा. असा व्हॉल्व्ह असेल तर बॅगा बसवल्यावर त्याची दांडी जाणकाराकडून नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागेल, आणि तेही गाडी भरून. एबीएस-ईबीडी (चाकं लॉक न होऊ देणारी आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, ते काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी विचारून घ्या.

आणि गाडी मूळ उंचीपेक्षा वर कधीच न्यायची नाही. मागून अजून थोडी खाली राहिली तरी चालेल. जास्त उचलली की मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो आणि शाफ्ट थरथरतो.

शाहूपुरीकर
सायलीताई, हा मुद्दा फार मोलाचा. माझ्या गाडीला व्हॉल्व्ह नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आला नव्हता.

उगवाईचा_पोर
चासीचं काय? ऑस्ट्रेलियात डबल कॅब गाड्यांच्या चासी केबिन आणि हौद्याच्या मध्ये वाकलेले फोटो पाहिलेत. बॅगा बसवल्यामुळंच वाकल्या म्हणतात.

शाहूपुरीकर
बॅगांवर सगळा दोष टाकणं मला पटत नाही. त्या गाड्यांच्या मागं जड कॅरव्हॅन, हौदा गच्च, वर टपावर सामान आणि शेकडो किलोमीटर खडबडीत रस्ता. क्षमतेबाहेर भरल्यावर पाटेच काय, काहीही मोडेल.

सायली_कऱ्हाड
दोष एकट्या बॅगांचा नाही, पण त्यांचा वाटा आहे. पाट्याचं वजन चासीला दोन ठिकाणी पोचतं, पाट्याची टोकं जिथं अडकतात त्या पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला, आणि त्या दोन्हींत बरंच अंतर असतं. बॅग ते वजन मधे, धुऱ्याच्या डोक्यावर, एकाच ठिकाणी देते. मागं लांब टोकाला बॉल चासी खाली दाबतोय आणि मधे बॅग वर रेटतेय, तर चासी त्या जागी वाकायला बघते. हवा जितकी जास्त तितकं हे जास्त. म्हणून बॅगेवर पाट्यांची सगळी जबाबदारी टाकायची नाही, थोडा हातभार लावून घ्यायचा.

आणि बॅग बसवली म्हणून आरसीवरचं एकूण वजन एक किलोनंही वाढत नाही. धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक, चासी सगळं तेच आहे.

उगवाईचा_पोर
हे पटलं. म्हणजे बॅगेवर लिहिलेले पाच हजार पौंड हे बॅगेचं बळ, गाडीचं नाही.

सायली_कऱ्हाड
अगदी बरोबर.

खिलारप्रेमी
थोडं विषयांतर करतो, माफी असावी. मी बैलं पिकअपमधनं शर्यतीला नेतो. शर्यतीवरची बंदी उठल्यापासून रविवार सोडून दुसरं काही सुचत नाही. बैल उतरवला की त्याचे पाय थरथरत असतात, अशा बैलाला लगेच जुंपायला जीव धजत नाही. जादा पाटे काढून बलून टाकले तर बैलाला आराम पडेल का?

शाहूपुरीकर
पडेल, पण एक ध्यानात घ्या. बोट एका जागी असते, बैल हलतो. खिलार बैल चारशे-पाचशे किलोचा गडी, वळणावर पाय रोवून एका बाजूला झुकतो. दोन बलून एकाच नळीवर असतील तर गाडीही त्याच बाजूला झुकेल आणि बैल बिथरेल. वेगळ्या नळ्या हव्यातच. हवाही बेतानं, नाहीतर गाडी जादा पाट्यांसारखीच टणक होते. आणि जादा पाटे काढल्यावर जेवढं ओझं गाडी मूळ पाट्यांवर नेऊ शकते तेवढंच न्या.

औदुंबरची_लेक
बैलाचं अंगही आडवं धरून बांधू नका, आमचे आजोबा तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला करूनच उभा करायचे. खाली नुसता पत्रा नको, वाळू आणि भुसा टाका. बलूनपेक्षा खाली घट्ट पाय रोवायला मिळणं बैलाला जास्त लागतं.

खिलारप्रेमी
ताई, लाखातलं बोललात. भुसा टाकतोच, वाळूचं ध्यानात ठेवतो.

मंगळवारपेठ
कायद्याचं कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. बॅगा बसवायच्या आधी सांगलीच्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. बचाव पथकाची गाडी आहे, उद्या काही झालं तर कागदावर बोट ठेवायला कुणाला जागा नको.

पाटेवाला_जत
मग आमच्या तालुक्यातल्या सगळ्या पिकअप धरायला लागतील.

मंगळवारपेठ
पाटेवाले, धरल्या तर तुम्ही मला फोन करणारच आहात. कागद आधी करून ठेवा.

हरिपूर_संगम
मला बोटीचंच बोलायचंय. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गावोगावची मंडळी बोटी घेऊन आली होती. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. तेव्हापासून बोट म्हटलं की पहिला विचार येतो की किती माणसं, किती जॅकेटं. भिलवडीकर, तुमचं पथक वजनाचा एवढा विचार रस्त्यावर करतंय, तर पाण्यातही करतच असणार. तुमच्या पथकाला मनापासून नमस्कार. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही माडीवरच होतो.

भिलवडीकर
काकू, ब्रह्मनाळ आमच्या तालुक्यातलंच. पथक उभं राहिलं ते त्यामुळंच. बोटीवर किती माणसं घ्यायची ते आम्ही बोटीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवून घेतलंय, आणि जॅकेट न घालता कुणालाही चढू देत नाही, मग तो सरपंच असो.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर. काल मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेलो होतो. काटेवाले दादा हळद-बेदाण्याच्या गाड्यांमध्ये वेळ काढून मदतीला आले. काटा दहा किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो. आकडे असे:

नुसती पिकअप, फक्त मी आत: पुढचा धुरा १०८०, मागचा ८००.
ट्रेलर जोडून, सगळं सामान हौद्यात मागच्या फळीपाशी: पुढचा १०००, मागचा ११६०.
ट्रेलर बोटीसकट एकटा: ६९०.
ट्रेलरचं तोंड काट्यावर टेकवून: १३०.

म्हणजे ६९० पैकी १३० बॉलवर. आबा, तुम्ही म्हणालात तसंच, पुढची ८० किलो गेलीत.

आबा_अपशिंगे
शाब्बास. यालाच कामाची माहिती म्हणतात. १३० म्हणजे जवळपास १९ टक्के. आणि तुमचं सामान १५० किलो धरलं तर हिशेब जुळतो: बॉलमुळं पुढून ५० च्या आसपास गेले, मागच्या फळीजवळच्या सामानामुळं ३० च्या आसपास.

आता बॅगेच्या आधी दोन कामं. पहिलं, इंजिन आणि पेट्रोल हौद्यात केबिनला चिकटून ठेवा, धुऱ्याच्या पुढं. पेट्रोलचे कॅन उभे आणि घट्ट बांधलेले, बॅटरीपासून लांब. दुसरं, बॉलवरचं वजन कमी करा. ट्रेलरचा धुरा सांगाड्याला कसा धरलाय? वेल्डिंग की यू बोल्ट?

भिलवडीकर
पाटे आणि धुरा सगळं यू बोल्ट आणि पट्ट्यांवर. फॅब्रिकेटर म्हणाला होता सरकवता येतं.

शाहूपुरीकर
बोट मागं सरकवणं सोपं नाही का? बोट ओढून धरणाऱ्या विंचचा खांब मागं घेतला की झालं.

आबा_अपशिंगे
सोपं आहे, पण बोटीची मागची फळी, जिथं इंजिन लागतं ती, ट्रेलरच्या आडव्या आधारावर टेकलेली पाहिजे. बोट मागं काढली आणि फळी लोंबकळायला लागली तर फायबरला तडा जातो. त्यापेक्षा धुरा पुढं घ्या. बॉलपासून धुऱ्यापर्यंत अंतर तीन मीटर धरलं तर धुरा साडेदहा इंच पुढं सरकवला की बॉलवर ७५ किलो राहतील, म्हणजे जवळपास ११ टक्के. याच्यापेक्षा पुढं नेऊ नका, मग डोलणं सुरू होईल. मडगार्ड आणि दिव्यांच्या वायरी त्याच अंतरानं पुढं घ्यायला विसरू नका. चाकं सांगाड्याला काटकोनात आहेत ना हे बॉलपासून दोन्ही चाकांपर्यंत टेप लावून बघा, दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत.

मिरजेचा_तानपुरा
आणि ट्रेलरला ब्रेक आहे का? युरोप-ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. तुमचा त्याच्या काठावर आहे. इंजिन बोटीवर लावून नेलंत, वर सामान टाकलंत तर गेलाच वर.

भिलवडीकर
ब्रेक नाही. इंजिन म्हणूनच पिकअपमध्ये ठेवतो. फॅब्रिकेटरकडं जाणारच आहे तर ओव्हररन ब्रेकचं (ट्रेलर मागून गाडीवर रेटला की आपोआप लागतो तो) विचारून घेतो.

पाटेवाला_जत
भावा, एक मान्य करतो. काट्यावर गाडी धुरा-धुरा करून तोलायची हे आमच्या धंद्यात कुणी करत नाही, आम्ही फक्त टोटल बघतो. उद्या डाळिंबाचे क्रेट पुढून मांडून पुढचा धुरा तोलून बघणार. पाट्याचं मत मात्र बदललेलं नाही.

सायली_कऱ्हाड
पाटेवाले, तुमचा आकडा आला की इथं जरूर लिहा. तुमच्या गाडीला कदाचित पाटेच योग्य असतील.

भिलवडीकर
धुरा सरकवून झाला, आजच पुन्हा काट्यावर गेलो.

बॉलवर ७५ (किलोचा साधा काटा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून मोजलं). सामान केबिनला चिकटून. पुढचा धुरा १०८०, मागचा १०३०. पुढचं वजन जसंच्या तसं परत आलं! मागून बसते ४५ मिलिमीटर, पुढून उचलत नाही. येताना सांगली ते पलूस चालवून बघितली, स्टिअरिंग रिकाम्या गाडीसारखंच भरीव लागलं. रात्रीची चाचणी अजून बाकी आहे.

आता मूळ प्रश्न. पथकाची पोरं पाठीमागच्या सीटवर बसली की मागून अजून बसेल, म्हणून थोडा आधार हवाच असं मला अजूनही वाटतं. माझा विचार: दोन बॅगा, वेगळ्या नळ्या, वेगळे व्हॉल्व्ह, पूर्ण भरल्यावर पंधरा-वीस पौंडांपासून सुरुवात, मूळ उंचीच्या वर कधी नाही. गाडीखाली बघितलं, ब्रेकचा तो दांडीवाला व्हॉल्व्ह दिसला नाही, तरी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारलंय. आरटीओत अर्ज दिलाय. उत्तर आल्याशिवाय एकही बोल्ट खोलणार नाही. हा पावसाळा वजनाच्या नव्या मांडणीवरच काढू.

आबा_अपशिंगे
योग्य निर्णय. बसवल्यावर पहिले काही दिवस साबणाचं पाणी लावून जोड तपासा. बलूनमध्ये हवा थोडीच असते, बारीक गळतीनंही दाब झपाट्यानं उतरतो. निघायच्या आधी गेज लावायची सवय पोरांना लावा. आणि ट्रेलर सोडल्यावर हवा परत पाच-दहावर आणायची.

शाहूपुरीकर
बसवताना साताऱ्यात या, माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. कंदी पेढे माझ्याकडून.

भिलवडीकर
नक्की दादा. भडंग घेऊन येतो.

वाईची_मेघना
मी आत्ताच धागा वाचून काढला. आमच्याकडं बोलेरो कॅम्पर आहे, धोम धरणावर कयाक नेण्यासाठी हलका ट्रेलर घेतलाय. पण बॉल नुसता मागच्या बंपरला बोल्ट केलाय. ट्रेलर भरून दोनशे किलोच्या आतच आहे. चालेल का?

सायली_कऱ्हाड
मेघना, वजन कितीही कमी असलं तरी बॉल चासीलाच हवा. बंपरचा पत्रा खड्ड्यातला झटका सोसायला बनवलेला नसतो, बोल्टची भोकं लांबट व्हायला लागतील. भोकांच्या कडेला रंग तडकलाय का ते आजच बघ. तडकला असेल तर ट्रेलर जोडू नकोस. दोन्ही चासीपट्ट्यांना पकडणारा आडवा रिसीव्हर (बॉल बसवायचा सांगाडा) करून घे, आणि ट्रेलरला दोन सुरक्षा साखळ्या बॉलच्या खाली फुलीसारख्या, त्याही चासीला.

वाईची_मेघना
बघितलं. डाव्या बोल्टपाशी रंग तडकलाय. ट्रेलर काढून ठेवला. वाई किंवा साताऱ्यात रिसीव्हर कोण चांगला करतं?

शाहूपुरीकर
व्यक्तिगत निरोप केलाय.